सेव्हियातील पवित्र आठवडा : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

ईस्टरच्या सुट्टीत युरोपातील एखादे शहर पाहावे असे ठरवून आम्ही उभयतांनी दक्षिण स्पेनमधील सेव्हिया हे शहर निवडले. ईस्टरच्या आधीचा आठवडा, म्हणजे तिथल्या भाषेत ‘सेमाना सांता’, या शहराचा वर्षातील सर्वांत मोठा काळ असतो एवढेच आम्हाला ठाऊक होते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा टॅक्सीवाल्याने जुन्या शहराच्या वेशीपाशीच गाडी थांबवली आणि पुढचे रस्ते बंद असल्याचे हातानेच खुणावून सांगितले. या आठवड्यात चर्चमधील मूर्तींच्या मिरवणुका निघतात आणि आमचा मुक्काम त्यांच्या मुख्य मार्गापलीकडे होता. नकाशावर वीस मिनिटांचे दिसणारे ते अंतर सामान ओढत, वळसे घेत कापायला आम्हाला दोन तास लागले, आणि डोळ्यांसमोरून जाणाऱ्या पहिल्या मिरवणुकीकडे नीट पाहणेही झाले नाही. चूक सर्वस्वी आमची होती आणि ती सहज टाळता येण्यासारखी होती. तशा चुका तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हा लेख लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. या आठवड्यात सेव्हियाला जायचे असेल तर प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवून रस्त्यांचा विचार करावा लागतो. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या गल्लीत उभे राहायचे आणि तिथून मुक्कामी कसे परतायचे, हे ठरले की बाकी सर्व आपोआप जुळत जाते.

१. तारीख आणि दिवस ठरवा

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. चर्चच्या गणनेनुसार २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, आणि म्हणूनच पवित्र आठवड्यातील रात्री आकाशात बहुधा मोठा चंद्र असतो. २०२७ मध्ये झावळ्यांचा रविवार २१ मार्चला, गुड फ्रायडे २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. २०२८ मध्ये हेच दिवस अनुक्रमे ९, १४ आणि १६ एप्रिलला येतात. गुड फ्रायडेची सुट्टी आपल्याकडेही असल्याने नोकरदारांचा रजेचा एक दिवस वाचतो.

पूर्ण आठवडा राहण्याची गरज नाही. लहान मुले किंवा वयस्क माणसे बरोबर असतील तर रविवार ते मंगळवार हे दिवस निवडा, कारण त्या दिवसांत बऱ्याच मिरवणुका दुपारच्या उजेडात सुरू होतात आणि वातावरण तुलनेने मोकळे असते. केवळ मोठी माणसे असतील तर मंगळवारी पोहोचून शनिवारपर्यंत राहावे, असे मी सुचवेन. गुरुवार आणि शुक्रवार हे तिथे सार्वजनिक सुट्टीचे दिवस असतात आणि बहुतेक दुकाने बंद राहतात, तेव्हा पाणी, फळे, दूध, औषधे बुधवारीच आणून ठेवा. ईस्टरनंतरच्या सोमवारी युरोपात अनेक ठिकाणी सुट्टी असते, पण आंदालुसिया प्रांतात ती नसते.

२. मुक्कामाची जागा सर्वांत आधी ठरवा

विमानाच्या तिकिटाआधी मुक्काम पाहा, कारण या आठवड्यात भाडे नेहमीच्या कित्येक पट होते आणि चांगल्या जागा कितीतरी महिने आधी संपतात. प्रत्येक मिरवणूक आपापल्या चर्चमधून निघून ला कांपाना चौकात येते आणि सिएर्पेस गल्ली, सान फ्रान्सिस्को चौक व कोन्स्तितुसिओन मार्ग या ठरलेल्या वाटेने कॅथेड्रलमध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चमध्ये, जाते. या शेवटच्या टप्प्याला ‘कारेरा ओफिसिआल’, म्हणजे अधिकृत मार्ग, म्हणतात. दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत हा मार्ग शहराच्या मधोमध भिंतीसारखा उभा राहतो. तो फक्त ठरावीक ठिकाणी, पोलिसांच्या इशाऱ्यानेच ओलांडता येतो.

त्यामुळे या मार्गाला लागून असलेली खोली जाहिरातीत कितीही मोहक वाटली तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने ती घेऊ नये. नदीपलीकडचा त्रियाना हा भाग मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण पुलावरून चालत जुन्या शहरात जाता येते, आणि त्रियानाच्या स्वतःच्या मिरवणुका याच पुलावरून जात-येत असल्याने त्या दाराशीच पाहायला मिळतात. स्वस्त आणि शांत जागा हवी असेल तर नेर्वियोन भाग पाहा. तिथे मेट्रो आहे आणि सांता हुस्ता हे मुख्य रेल्वे स्थानकही जवळ आहे.

जागा ठरवताना मालकाला दोन प्रश्न लेखी विचारा : त्या आठवड्यात टॅक्सी दारापासून किती अंतरावर येते, आणि सामान सकाळी लवकर आणले तर ठेवून घेतील का? व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण करा.

३. व्हिसा आणि कागदपत्रे

स्पेनसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा, लागतो. भारतात स्पेनचे अर्ज बीएलएस इंटरनॅशनल या संस्थेच्या केंद्रांत स्वीकारले जातात, निर्णय मात्र वाणिज्य दूतावासाचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल झालाच पाहिजे. सर्वसाधारणपणे निर्णयाला १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ४५ दिवसही जातात. २०२७ च्या पवित्र आठवड्यासाठी सप्टेंबर २०२६ च्या उत्तरार्धापासूनच अर्ज करता येईल, तेव्हा डिसेंबरपर्यंत काम उरकून टाका. मोठ्यांसाठी व्हिसाचे मूळ शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्यावर केंद्राचे सेवाशुल्क वेगळे द्यावे लागते.

अर्जासोबत पुढील कागद जमवा :

– पासपोर्ट : दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला. जुने पासपोर्टही सोबत ठेवा.
– भरलेला व सही केलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटर मापाची अलीकडची छायाचित्रे.
– प्रवास विमा : किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा, सर्व शेंगेन देशांत आणि प्रवासाच्या सर्व दिवसांसाठी लागू असलेला.
– जाण्या-येण्याचे विमान आरक्षण, मुक्कामाची आरक्षणे आणि दिवसवार कार्यक्रम.
– बँकेचे शिक्का मारलेले गेल्या काही महिन्यांचे विवरण, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि पगाराच्या पावत्या.
– नोकरीच्या ठिकाणचे रजा मंजुरीचे पत्र. व्यवसाय असल्यास नोंदणीचे कागद.
– अल्पवयीन मुलांसाठी जन्मदाखला, आणि पालकांपैकी एकच सोबत जात असल्यास दुसऱ्याचे संमतिपत्र.

इथे दोन ठिकाणी माणसे हमखास फसतात. पहिले म्हणजे, ज्या देशाची भेटीची वेळ लवकर मिळते तिथे अर्ज टाकून प्रत्यक्षात स्पेनमध्येच जास्त दिवस राहायचे, असा बेत अनेकजण आखतात. नियम असा आहे की ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम समसमान असेल तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे. दुसरे म्हणजे कागदपत्रांतील नावांचा फरक. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे आहे आणि बँकेच्या विवरणात नाही, असे आपल्याकडे सर्रास आढळते. आवेदनपत्राबरोबरच्या पत्रात त्याचा एका ओळीत खुलासा करून ठेवा.

शेंगेन देशांच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या देशांतील प्रवाशांचे बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन संगणकीय नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. त्यामुळे माद्रिदला उतरल्यावर पुढच्या गाडीसाठी ऐसपैस वेळ हाताशी ठेवा.

४. सेव्हियाला पोहोचणे

माद्रिदपर्यंत विमान आणि तिथून अतिवेगवान रेल्वे हा मला सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो. माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून सेव्हियाच्या सांता हुस्ता स्थानकापर्यंत ‘आवे’ गाडी सुमारे अडीच तासांत पोहोचवते. स्पेनमधील पहिली अतिवेगवान रेल्वे १९९२ मध्ये याच मार्गावर सुरू झाली होती. पवित्र आठवड्यात निम्मा स्पेन प्रवासाला निघालेला असतो, म्हणून त्या तारखांची विक्री खुली होताच तिकिटे काढा. आतोचाला सामानाची यंत्राने तपासणी होते आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी फलाटाचे दार बंद केले जाते, हे ध्यानात ठेवा.

सेव्हियात पोहोचण्याची वेळ सकाळची असू द्या. मिरवणुका साधारण दुपारनंतर निघतात, त्यामुळे सकाळी अकराच्या आत मुक्कामी पोहोचलात तर आमच्यावर आलेला प्रसंग तुमच्यावर येणार नाही. कोन्स्तितुसिओन मार्गावरून एरवी धावणारी ट्राम त्या दिवसांत तिथून धावत नाही आणि अनेक बसचे मार्ग वळवलेले असतात. भरवशाची असते ती मेट्रोची एकुलती एक मार्गिका, आणि त्याहून भरवशाचे स्वतःचे पाय.

५. काय पाहणार आहात ते आधी समजून घ्या

मिरवणूक काढणाऱ्या संस्थेला ‘एर्मांदाद’ म्हणतात. हा त्या त्या वस्तीतील भाविकांचा बंधुसंघ असतो, आणि काही संघ कित्येक शतके जुने आहेत. सुमारे साठ संघ या आठवड्यात आपल्या चर्चमधून कॅथेड्रलपर्यंत जाऊन परत येतात. सर्वांत पुढे मार्गदर्शक क्रूस असतो. त्यामागे हातात लांब मेणबत्त्या घेतलेल्या, झगा आणि उंच टोकदार टोपी घालून चेहरा झाकलेल्या ‘नासारेनों’च्या दोन रांगा चालतात. हा वेश पाहून काहींना अमेरिकेतील वर्णद्वेषी संघटनेची आठवण होते, पण तिच्याशी या वेशाचा काहीही संबंध नाही. तो कित्येक शतकांपूर्वीचा प्रायश्चित्ताचा वेश आहे आणि चेहरा झाकण्यामागे, प्रायश्चित्त घेणाऱ्याची ओळख त्याच्या व देवाच्या मधेच राहावी, हा भाव आहे.

रांगांमागून ‘पासो’ येतो, म्हणजे मूर्ती असलेला भव्य कोरीव चौरंग. पहिल्या पासोवर बहुधा ख्रिस्ताच्या यातनांचा प्रसंग असतो आणि दुसऱ्यावर चांदीच्या खांबांच्या छताखाली, मेणबत्त्यांच्या रांगांआड, अश्रू ढाळणारी मरिया माता. पासोला चाके नसतात. झालरीआड साधारण ३० ते ४५ ‘कोस्तालेरो’ मानेवर भार घेऊन, पुढचे काहीही दिसत नसताना, बाहेरच्या मुकादमाच्या आवाजावर एका ठेक्यात चालत असतात. मुकादम धातूचा ठोकळा आपटतो, क्षणभर सगळी गल्ली श्वास रोखते आणि पासो एका झटक्यात वर उचलला जातो. या उचलण्याला ‘लेवांता’ म्हणतात. ती अगदी जवळून एकदा तरी पाहा.

मूर्तींचा इतिहास माहीत असेल तर पाहण्यात वेगळाच जिव्हाळा येतो. ‘ग्रान पोदेर’ या संघाची खांद्यावर क्रूस घेतलेली ख्रिस्तमूर्ती हुआन दे मेसा याने १६२० मध्ये घडवली. त्रियानातील ‘काचोर्रो’ ही क्रूसावर अखेरचा श्वास घेणारी मूर्ती फ्रान्सिस्को रुईस खिखोन याची, १६८२ ची. एरवी संग्रहालयात काचेआड ठेवल्या जातील अशा या कलाकृती वर्षातून एकदा उघड्या आकाशाखाली, माणसांच्या मानेवरून, माणसांमधून जातात.

६. दिवसाचा आराखडा आखा

बहुतेक दिवशी सात ते नऊ संघ निघतात. सर्व पाहायचा हट्ट धरलात तर एकही नीट दिसणार नाही. मला अनुभवाने पटलेली रीत अशी, की रोज दोनच संघ निवडावेत : एकाचे चर्चमधून बाहेर पडणे किंवा परत येणे पाहावे आणि दुसरा एखाद्या अरुंद गल्लीत गाठावा. वेळापत्रकाची खिशात मावणारी छापील पुस्तिका शहरात सहज मिळते, आणि ‘एल यामादोर’सारख्या ॲपमध्ये कोणती मिरवणूक सध्या कुठे आहे ते कळते. पुस्तिकेत मार्गदर्शक क्रूसाची वेळ दिलेली असते की पासोची, हे नीट वाचा. मोठ्या संघात क्रूस गेल्यानंतर पासो यायला तासाहून जास्त वेळ लागू शकतो.

सकाळ वाया घालवू नका. ज्या संघाची मिरवणूक त्या दिवशी असते, त्याच्या चर्चमध्ये सकाळी सजवलेले पासो पाहायला लोकांना आत सोडतात. फुले, नक्षी, मूर्तीचा चेहरा हे सर्व तिथे हातभर अंतरावरून दिसते. वयस्क मंडळींना गर्दीत उभे राहणे जमणार नसेल तर त्यांच्यासाठी हाच उत्तम मार्ग आहे. अधिकृत मार्गावरील खुर्च्या बहुतांशी वर्षानुवर्षांच्या वर्गणीदारांकडे असतात, त्यांच्या मागे लागू नका.

सुरुवातीला काय पाहावे, यासाठी माझी निवड सांगतो. रविवारी संध्याकाळी ला एस्त्रेयाची मिरवणूक त्रियानाच्या पुलावर पाहा. मंगळवारी ‘लोस एस्तुदियान्तेस’ हा विद्यार्थ्यांचा संघ विद्यापीठातून, म्हणजे जुन्या तंबाखू कारखान्याच्या इमारतीतून, बाहेर पडताना पाहा आणि त्याच रात्री ला कान्देलारियाचे परतणे मुरियो उद्यानातील झाडांखाली गाठा. शुक्रवारी काचोर्रो पुलावरून येताना पाहा.

आल्कासार राजवाडा पाहायचा असेल तर आधीच तिकीट काढा. गुड फ्रायडेला तो बंद असतो. कॅथेड्रलमध्येही पर्यटकांच्या वेळा त्या आठवड्यात फार कमी असतात, म्हणून या दोन्हींसाठी एक जादा दिवस पुढे किंवा मागे ठेवलेला बरा.

७. माद्रुगाची रात्र

गुरुवारची मध्यरात्र ते शुक्रवारची दुपार या काळाला ‘माद्रुगा’ म्हणतात. एल सिलेन्सिओ, ग्रान पोदेर, माकारेना, एल काल्वारिओ, एस्पेरान्सा दे त्रियाना आणि लोस खितानोस हे सहा संघ त्या रात्री निघतात. यांपैकी सिलेन्सिओ, ग्रान पोदेर आणि काल्वारिओ हे मौनाचे संघ आहेत. काळे झगे आणि पावलांचा आवाज, एवढेच. माकारेना आणि त्रियाना यांच्यासोबत मात्र वाद्यवृंद असतात आणि सज्जांतून एखादा गायक ‘साएता’ ही आर्त प्रार्थना गातो, तेव्हा पासो थांबतो.

त्या रात्रीसाठी दुपारी चार तास झोप घ्या. मध्यरात्री मौनाच्या एका संघाचे दर्शन घेऊन परत या, थोडे पडा आणि सकाळी उजाडल्यावर माकारेनाच्या परतीच्या वाटेवर जा. ही मिरवणूक चर्चमध्ये पोहोचते तेव्हा दुपार झालेली असते आणि दिवसाच्या उजेडात तिच्याभोवतीची वस्ती कशी उचंबळून येते ते पाहायला मिळते. रात्रभर रस्त्यावर राहण्याचा आग्रह धरू नका. २००० आणि २०१७ साली याच रात्री गर्दीत घबराट पसरून पळापळ झाली होती, आणि तेव्हापासून बंदोबस्त कडक असतो. गल्लीच्या मधोमध अडकण्यापेक्षा आडवाटेच्या तोंडाशी उभे राहा आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा, कारण गर्दीत फोन लागत नाही.

८. रस्त्यावर कसे वागावे

पुण्यातील विसर्जन मिरवणुकीची सवय असलेल्याला गर्दीचे भय वाटणार नाही, पण इथला शिस्तीचा सूर निराळा आहे. मौनाचा संघ येताना दिवे मालवले जातात आणि शेकडो माणसे गप्प होतात. त्या वेळी बोलू नका, फ्लॅश वापरू नका, मोबाइल डोक्यावर धरून मागच्याचे दर्शन अडवू नका. नासारेनोंच्या रांगांमधून घाईने आरपार जाणे असभ्य मानले जाते. घडीची खुर्ची नेऊ नका. वाट अडते म्हणून पालिकेचाही तिला विरोध असतो.

कपडे नीटनेटके असावेत. झावळ्यांच्या रविवारी काहीतरी नवे घातले नाही तर हात गळून पडतात, अशी तिथे म्हणच आहे, आणि पाडव्याला नवे कपडे घालणाऱ्या आपल्या घरांना ती लगेच उमगेल. गुरुवारी अनेक स्त्रिया काळा पोशाख आणि काळी जाळीची ओढणी घालून चर्चमध्ये जातात. रात्री गारठा पडतो, म्हणून जाकीट लागेलच. बुटांचे तळवे पकड असलेले हवेत, कारण मेण सांडून दगडी रस्ते निसरडे होतात. मुले सोबत असतील तर त्यांच्याजवळ चांदीच्या कागदाची छोटी गोळी देऊन ठेवा. तिथली मुले थांबलेल्या नासारेनोंकडून तिच्यावर मेण ठिबकवून घेतात आणि गोळा दर वर्षी मोठा करत नेतात. छोटे नासारेनो गोळ्या-चॉकलेटेही वाटतात.

पाऊस आला तर मिरवणूक रद्द होऊ शकते. निर्णय संघाचे पदाधिकारी अगदी निघण्याच्या वेळी घेतात, कारण शतकांपूर्वीच्या लाकडी मूर्ती भिजू देता येत नाहीत. तो निर्णय ऐकून वर्षभर वाट पाहिलेली माणसे चर्चमध्येच रडताना आम्ही पाहिली आहेत. अशा वेळी तक्रार न करता रांगेत उभे राहा. पुष्कळदा पासो जागेवरच पाहण्यासाठी दारे उघडतात.

९. शाकाहाऱ्यांची सोय

उपवासाच्या या काळात पालक-छोल्यांची ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ ही जिरे घातलेली भाजी जागोजागी मिळते आणि ती पावाबरोबर पोटभर होते. बटाट्याचे जाड ऑम्लेट अंडे खाणाऱ्यांना चालेल. ‘साल्मोरेखो’ या थंड टोमॅटो सारावर डुकराच्या मांसाचे तुकडे व अंडे घालतात, म्हणून ‘सिन खामोन’ असे आधीच सांगा. सर्वांत मोठा सापळा ‘सँडविच वेखेताल’ हा आहे, कारण नावात भाजी असली तरी त्यात बहुधा ट्यूना मासा निघतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’, म्हणजे ‘मांस नको, मासे नको’, हे दोन शब्दगट पाठ करा. गोडात मध किंवा साखरेत घोळवलेला, तळलेल्या पावाचा ‘तोर्रिखा’ नक्की खा, त्यात दूध किंवा वाइन आणि अंडे असते. रात्रीचे जेवण बहुधा नऊनंतरच मिळते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी पिशवीत खाऊ ठेवावा.

१०. परतीचा दिवस

रविवारी बाहेर पडणाऱ्यांच्या गाड्या भरलेल्या असतात, त्यामुळे परतीचे तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच काढा. स्पेनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास पुढे जातात. २०२७ मध्ये तो रविवार नेमका ईस्टरचा, म्हणजे २८ मार्चचा आहे. मोबाइलचे घड्याळ आपोआप बदलेल, पण खोलीतले आणि मनगटावरचे बदलणार नाही. सकाळच्या गाडीने निघणार असाल तर शनिवारी झोपण्यापूर्वीच दोन्ही घड्याळे पुढे करून ठेवा.